पट्टीखालचा उजेड

गोरेगाव (सेनगावजवळचं), १ नोव्हेंबर १९४४

आजपासून लिहायला घेतलं आहे. कारण सांगायला लाज वाटते, पण वही माझी आहे आणि घरात दुसरं वाचणारं कुणी नाही. कारण भीती. शाळेत मास्तर सांगायचे, मनात फार घोळायला लागलं की कागदावर उतरवावं. बावन्नाव्या वर्षी त्यांचं ऐकतो आहे.

परवा तिसऱ्या प्रहरी पारुबाई ओढ्याकाठी गवत कापत होती. सोबतच्या बायांनी मागे वळून पाहिलं तर नुसता विळा पडलेला आणि अर्धा बांधलेला भारा. बिबट्याने नेली. पंधरा दिवसांतली ही दुसरी. कापूस फुटून झाडावर लोंबतो आहे आणि वेचायला कुणी रानात जाईना. माझं सोनाराचं दुकान गावाच्या अगदी मधोमध, तरी काल मी भर दिवसा दार लावून बसलो. ही म्हणाली, "बिबट्याला काय डोरलं घडवायचं हाय? तुमच्याकडं काहून येईल त्यो?" ही म्हणजे धुरपता. तोंडाने नाव घेत नाही, कागदावर घ्यायला काय हरकत आहे.

संध्याकाळी देशमुखांचं बोलावणं आलं. दारात फेटा दिसला म्हणून मी उठून हात जोडले, तर तो त्यांचा रखवालदार किसनसिंग! फेटा अगदी मालकासारखा बांधतो मेला. हसत होता.

२ नोव्हेंबर

व्यंकटराव देशमुखांच्या ओसरीवर कय्युम आधीच येऊन बसला होता. कय्युम माझा लहानपणचा सोबती. निजामाच्या फौजेत बारा वर्षं काढून आला, आता गावात कुलपं आणि कंदील दुरुस्त करतो. नेम अजून पक्का आहे. समोर देशमुखांची दुनळी रायफल ठेवली होती. त्यांच्या आजोबांनी हिंगोलीच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या लिलावात घेतलेली. परवाना आहे, बंदूक आहे, काडतुसं नाहीत. लढाईमुळे हैदराबादेतही मिळत नाहीत म्हणे.

आहेत त्या अकरा रिकाम्या पितळी पुंगळ्या, पूर्वीच्या शिकारीतल्या. ठिणगी पाडणारी नवी टोपी बुडाशी बसवायची, दारू भरायची, शिशाची गोळी दाबायची, की पुन्हा काडतूस तयार. ते सगळं कय्युमला येतं. मग मला कशाला बोलावलं?

"बार झाला का पितळ ताणतं," कय्युम म्हणाला. "दर बाराला जराशी लांब होती पुंगळी. ती कापून बराबर मापात आणाय लागती. माझ्या हातानं व्हायचं काम न्हाई ते. सोनाराचा हात पाहिजे."

"आणि जरा लांब राहिली तर?"

"तिचं तोंड नळीत आवळतं आन् गोळीला धरून ठिवतं. मंग बाराला पुढं वाट मिळत न्हाई. मागं येतो."

"मागे म्हणजे कुठे?"

त्याने हसत स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "इथं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. देशमुख म्हणाले, "संतराम, गावात तुझ्यासारखी नजर कुणाची हाय?" आणि मी पुंगळ्या ओंजळीत घेतल्या. स्तुती केली की मी असाच फसतो.

४ नोव्हेंबर

रीत अशी ठरवली. एक जुनं, कधी न उडवलेलं काडतूस होतं. कय्युमने त्याची गोळी आणि दारू काढून घेतली. ती पुंगळी म्हणजे आमचा नमुना. ऐरणीवर नमुना आणि दुसरी पुंगळी चिकटून उभी करायची, दोन्हींच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि डोळा खाली नेऊन बघायचं. पट्टी नमुन्यावर टेकली पाहिजे आणि आपल्या पुंगळीवर केसभर उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसला म्हणजे पुंगळी नमुन्याहून कणभर आखूड, म्हणजे धोका नाही.

पहिल्या चार आज केल्या. कय्युमने बंदूक मोडून, म्हणजे मधे वाकवून उघडून, एकेक घालून पाहिली आणि चारही परत दिल्या.

"समद्या लांब हाईत. सोनं समजून राहिला का? पितळ हाय ते, काढ की!"

खरं आहे. चाळीस वर्षं हात रेघेच्या अलीकडे थांबायला शिकला. काढलेलं सोनं परत लावता येत नाही, म्हणून सोनार नेहमी थोडं राखून थांबतो. इथे तीच सवय घातक. पुन्हा बसलो आणि मन घट्ट करून काढलं. चारही बसल्या.

कीस पुसून डबीत ठेवला. पितळेचा का असेना, कीस टाकवत नाही.

७ नोव्हेंबर

गावाबाहेरच्या पडक्या भिंतीवर कय्युमने दोन बार काढून पाहिले. मी वीस हात मागे, कानात बोटं आणि डोळे मिटलेले. दुसऱ्या बारानंतरही डोळे उघडेनात. त्याने येऊन पाठीत धपाटा घातला तेव्हा कळलं की त्याचं तोंड जागेवर आहे.

मग परत येताना त्याने नको ते सांगितलं. फौजेत त्यांच्या तुकडीत एक हवालदार होता. अशीच घरी भरलेली काडतुसं. खटका ओढला तशी बंदूक मागे फुटली आणि एक डोळा गेला. दुसरा डोळा वाचला, पण त्या डोळ्याला पाणी थांबत नसे म्हणे. "घाबरू नगं," कय्युम म्हणाला, "त्याच्या पुंगळ्या त्यानं सवताच कापल्या व्हत्या. माझ्या तू कापून राहिलास."

ह्याला धीर देणं म्हणतात का? जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर

काल संध्याकाळी बिबट्या तांड्यावरच्या वसरामच्या दारातून वासरू घेऊन गेला. माणसं अंगणात बसलेली होती तरी आला. आता गावात दिवेलागणीनंतर कुणी उंबरा ओलांडत नाही.

राहिलेल्या पुंगळ्या चालू आहेत. हल्ली रॉकेल फार वाईट येतं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं. काच तीनदा राखेने घासायला लावली तरी तेच. म्हणून काम सकाळच्या उन्हातच करतो. पण या साली हवाही धुरकट आहे. कुठेतरी रान जळत असणार.

शाईसुद्धा भेसळीची. पसरते. म्हणून एक ओळ सोडून लिहितो आहे, वही लवकर संपेल.

ही म्हणाली, "वाशिमला डोळ्याचे डागदर बसतेत म्हनं. जाऊन येऊ एकडाव." मी चिडलो. रॉकेल वाईट त्याला डोळ्याचा डॉक्टर काय करणार! हातातला पाण्याचा तांब्या आपटला, तो कोनाड्याच्या कडेवर ठेवला गेला आणि पडला. हिने फडकं आणलं. पाणी पुसून घेतलं. हल्ली दुपारी मी आडवा झालो की ही दुकानाच्या खोलीत निवडण-टिपण घेऊन बसते. घरात माजघर असताना दुकानात कशाला, कोण जाणे. बहुतेक भीतीने, एकटीला बसवत नसेल.

१२ नोव्हेंबर

कय्युमची बायको मदीनाबी आली होती. आमच्या घरी ती येते-जाते, पण आज बाहेरच पायरीवर बसली.

"भाऊ, त्याचं डोस्कं फिरलंय. म्हनतो गावानं इश्वास टाकलाय माझ्यावर. मी न्हाई म्हनत न्हाई. पर तुमी एवढं बगा." तिने माझ्या हातांकडे बोट केलं. "म्या त्याला तुमच्या हातावर सोडून राहिले."

मी म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका." ती गेल्यावर हात बघितले. दहाही बोटं उघडून मिटून पाहिली. धुरपता पिठाच्या परातीपाशी बसली होती, तिची नखं पिवळी दिसत होती. म्हणालो, "आज हळदीचं काय करते आहेस?" ती म्हणाली, "लोणचं." नोव्हेंबरात लोणचं!

१४ नोव्हेंबर

काहीतरी विपरीत चाललं आहे. 

माझी सवय अशी की धातू हातात घेताना तोलायचा आणि खाली ठेवतानाही तोलायचा. पुंगळ्याही तोलतो. आज सकाळी पाच पुंगळ्या पुऱ्या केल्या, प्रत्येकीचं वजन मनाशी धरलं, पेटीत ठेवल्या. दुपारी झोप झाल्यावर सहज काट्यात घातल्या. पाचातल्या तीन हलक्या! फार नाही, दोन-दोन तांदळांनी. पण माझा काटा खोटं बोलत नाही. डबीतला कीसही सकाळपेक्षा जास्त.

पुंगळ्या आपोआप झिजत नाहीत. कुणीतरी माझ्या मागे कानस चालवतं आहे.

१५ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. कोण? किसनसिंग दुपारी दारूची पुडी आणि शिसं घेऊन येतो, पडवीत बसतो, चिलीम ओढतो. मला माहीत आहे की त्यालाच रायफल हवी होती. देशमुखांनी कय्युमला दिली तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. काम बिघडावं, कय्युमची फजिती व्हावी, असं त्याच्या मनात असेल का? फजितीपर्यंत ठीक. पण इथे डोळा जाईल, जीव जाईल!

धुरपताला सांगितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं. "किसनसिंग तसा न्हाई," एवढंच म्हणाली. मग, "वजन कशाला करीत बसता तुमी घडीघडी?"

बायकांना माणसाची पारख नसते.

१६ नोव्हेंबर

किसनसिंगला तोंडावर विचारलं. मला असं कधी जमत नाही, भीतीनेच जमलं. तो उभा राहिला, चिलीम विझवली आणि म्हणाला, "सोनारबुवा, म्या तुमच्या कानशीला हात लावला असंल तर ह्यो हात झडून जाईल." आणि निघून गेला. त्याच्या आवाजात खोट नव्हती, पण खोटं बोलणाऱ्याच्याही आवाजात ती नसतेच.

पेटीला कुलूप घातलं. किल्ली देवघरात, गणपतीच्या मागे.

कय्युमने नेम बसवायला आणखी दोन बार काढले. त्या दोन पुंगळ्या ताणून परत आल्या. पुन्हा कापायच्या आहेत.

१७ नोव्हेंबर

कुलूप असून पेटीतल्या दोन पुंगळ्या हलक्या झाल्या. कुलूप जसंच्या तसं.

देव्हाऱ्यासमोर बसून राहिलो. जे बिबट्याच्या रूपाने फिरतं आहे ते साधं जनावर नाही, असं गावात बोलतात. मी हसायचो. आज हसू आलं नाही.

मग ठरवलं. पेटीतल्या नऊही पुंगळ्या बाद. ज्याला कुणाला झिजवायच्या आहेत त्याने झिजवत बसावं. परत आलेल्या त्या दोनच कय्युमला द्यायच्या. आज सकाळी त्या मी एकट्याने कापल्या, उन्हात, दार लावून. पट्टी ठेवून दहा वेळा पाहिलं. उजेड दिसला, एवढा लख्ख की पट्टीच्या सगळ्या बाजूंनी दिसला. कापून झाल्यावर खाली ठेवल्याच नाहीत. कनवटीला बांधल्या आहेत. झोपतानाही, आंघोळ करतानाही सोडणार नाही. कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही.

किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१९ नोव्हेंबर, दुपार

पहाटेच त्या दोन पुंगळ्या कय्युमच्या हातात दिल्या. त्याने तिथेच भरल्या. ओढ्यापलीकडच्या मोहाच्या झाडावर माच बांधला आहे, खाली बकरी बांधणार. दुपारचा चहा घेऊन तो निघाला. जाताना मला म्हणाला, "उद्या बिबट्याची नखं आनतो, वाघनखं घडवून दे माझ्या नातीला." मदीनाबी दाराआड होती, बाहेर आली नाही.

आता तो माचावर बसला असेल. मी माझं काम चोख केलं आहे. चोख केलं आहे.

२१ नोव्हेंबर

परवा पुढचं लिहिणं झालं नाही. आज सगळं लिहितो, जमेल तसं.

वरच्या चार ओळी लिहून वही मिटली तोच धुरपता दुकानात आली. उन्हं कलली होती. तिच्या हातात उघडी पेटी होती.

"नऊच्या नऊ हितंच हाईत," ती म्हणाली. "भाऊला दिल्या कोंच्या?"

मी छाती काढून सांगितलं. कनवटीचं, दार लावून कापल्याचं, सगळं. वाटलं, म्हणेल शाबास. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"त्या म्या बगितल्या न्हाईत," ती म्हणाली. "अवं, त्या दोन म्या बगितल्याच न्हाईत!"

"तू कशाला बघायच्या?"

तिने दोन्ही हात माझ्या तोंडापुढे धरले, अगदी नाकाला लागतील एवढे जवळ. नखांच्या कडांत पिवळं भरलेलं. जवळून चकाकत होतं. हळद चकाकत नाही.

"दिवाळीला तुमी दिव्यात तेल घालाय गेला आन् समदं तेल पाटावर वतलं," ती म्हणाली. "तवापासून मला म्हाईत हाय. तुमाला सांगाय गेलं की तुमी तांब्या आपटता. तुमच्या पुंगळ्या समद्या लांब राहून राहिल्या व्हत्या. म्या दुपारची बसून काढीत व्हते. किल्ली गनपतीमागंच घावली."

म्हणालो, "पट्टीखाली उजेड दिसला मला."

"तुमाला समदीकडंच उजेड दिसतो आता."

मग ती उठली, नमुना पदरात बांधला आणि दाराबाहेर पडली. मी तिच्यामागे धावलो. खरं सांगायचं तर उंबऱ्यावर थांबलो. गल्लीत एक माणूस नव्हता, सगळी दारं बंद, आणि सूर्य देशमुखांच्या माडीवर टेकायला आलेला. तिची पाठ पुढे जाताना दिसत होती, धूसर. माझ्या मनात आलं, जाऊ दे, उशीर झाला आहे. हे मनात आलं तेही लिहून ठेवतो. मग ती वेशीपाशी दिसेनाशी झाली आणि मला ते सोसवलं नाही.

वेशीवर किसनसिंग होता. धुरपताने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. काठी घेतली आणि पुढे चालायला लागला.

ओढ्यापर्यंतची वाट माझ्या पायाखालची, पण त्या दिवशी मी तिच्या पदराचं टोक धरून चाललो. दोन्ही बाजूंना उभी तूर. वारा नव्हता तरी तूर हलत होती, किंवा मला तसं दिसत होतं. काय खरं हलतं आहे आणि काय माझ्या डोळ्यात, हे मला कळत नव्हतं, आणि एवढी भीती मला जन्मात वाटली नाही. बकरीचं ओरडणं ऐकू यायला लागलं. मग ते एकदम थांबलं. किसनसिंगही थांबला. ओढ्यापलीकडे वानरं खेकसायला लागली.

"हाय तो," किसनसिंग कुजबुजला. "जवळ हाय."

म्हणजे कय्युमने आता बंदूक खांद्याला लावली असणार. गाल दस्त्याला टेकवला असणार.

धुरपताने मोठ्याने हाक मारली. मोठ्याने म्हणजे, लग्नाला तीस वर्षं झाली, तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. "कय्युमभाऊ! बार काढू नगा! भाऊ, बार काढू नगा!" किसनसिंग काठी दगडावर आपटायला लागला. मीही ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. तुरीत काहीतरी जड सळसळत गेलं, आमच्या उजव्या हाताने, वीस-पंचवीस हातांवरून. मला ते दिसलं नाही. त्या दोघांना दिसलं.

कय्युम माचावरून शिव्या देतच उतरला. बंदुकीच्या टप्प्यात आलेलं जनावर आम्ही हाकलून दिलं होतं. धुरपताने त्याच्यापुढे हात पसरला. "आदी ती काडतुसं द्या."

त्याने बंदूक मोडली. उजव्या नळीतली पुंगळी सहज निघाली. डावी बोटाने निघेना, काडी घालून ओढावी लागली. "ही भरताना जरा नेट लावला व्हता," तो म्हणाला, आवाज उतरलेला. "म्हनलं, संतरामनं कापली हाय, बराबरच असंल."

तिने सपाट दगडावर नमुना उभा केला, शेजारी ते काडतूस. आता तोंडात गोळी बसलेली, पट्टी ठेवायला जागा नाही. तिने अंगठ्याचं नख नमुन्याच्या काठावरून काडतुसाच्या काठाकडे सरकवलं. नख अडलं. कय्युमने आपलं नख फिरवून पाहिलं. मग माझा हात धरून माझं फिरवलं. उंबऱ्याला पाय लागावा तसं अडलं.

बकरी सोडली आणि आम्ही चौघं परत निघालो, किसनसिंग सगळ्यांच्या मागे.

२२ नोव्हेंबर

देशमुखांकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला दिसत नाही. कारण गाव धुरपताला नावं ठेवायला लागलं होतं, बाईने शिकार बिघडवली म्हणून. ते ऐकून घेण्यापेक्षा हे बरं. देशमुखांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या लेकीच्या गळ्यातलं गाठलं केलंस गुढीपाडव्याला, त्ये?" मी म्हणालो, तेव्हा दिसत होतं. बहुतेक दिसत होतं.

येताना किसनसिंगपुढे हात जोडले. या खेपेला माणूस ओळखून जोडले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सोनारबुवा," आणि घरापर्यंत सोडायला आला.

सेनगावच्या सोनाराकडे गावातली लग्नाची दोन कामं गेली, असं कळलं. एका दिवसात.

२६ नोव्हेंबर

धुरपताने कापलेल्या पुंगळ्यांतल्या दोन कय्युमने भरल्या आणि आज पुन्हा माचावर बसला. मदीनाबी आमच्याकडे येऊन बसली. आम्ही तिघं पडवीत. मी नखं कुरतडत होतो, धुरपता म्हणाली, "कुरतडू नगा, लागतील ती."

दिवस बुडता बुडता बार ऐकू आला. एकच.

बिबट्या मेला की कय्युम, हे एका आवाजावरून कसं कळणार? मदीनाबीने धुरपताचा दंड धरला. दुसरा बार येईना. कुणाची हाक येईना. धुरपता डोळे मिटून आपल्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटावर घासत होती, पुन्हा पुन्हा, जणू परत मापून बघत होती. मला तेव्हा कळलं की गेले पंधरा दिवस ही बाई माझ्याइतकीच घाबरत होती आणि तिला लिहायला वहीसुद्धा नव्हती.

मग वेशीकडून आरोळी आली. कय्युमचा आवाज. शिव्याच देत होता, माच उतरताना पाय मुरगळला म्हणून. मदीनाबी रडायला लागली. मीही.

बिबट्या म्हातारा होता. पुढच्या पंजात साळिंदराचा काटा मोडून रुतलेला. गावाने त्याला देशमुखांच्या दारात टाकून ठेवलं आहे, लोक बघायला जातात. मी जाऊन हात लावून आलो. केस फार मऊ होते.

३ डिसेंबर

वाशिमच्या डॉक्टरने पाहिलं. एक डोळा गेला समजा म्हणाला, दुसऱ्याचं औषधाने बघू. दुसऱ्याला रोज थेंब घालायचे आहेत.

आज कय्युम ती उडवलेली पुंगळी घेऊन आला. देशमुखांना पुढच्यासाठी दोन-चार काडतुसं तयार ठेवायची आहेत. त्याने पुंगळी कुणाच्या हातात द्यावी याचा क्षणभर विचार केला आणि मग आमच्या दोघांच्या मधे ऐरणीवर ठेवली.

मी म्हणालो, मी करतो. खिडकी लावून घेतली, उजेडाचा घोळच नको. डोळे मिटले आणि कानस चालवली. थोडी काढायची, नमुन्याला चिकटून उभी करायची, नख फिरवायचं. पुन्हा काढायची. माझं नख जाड आहे, तिच्यासारखं पातळ नाही. बऱ्याच वेळाने वाटलं की आता अडत नाही. पुंगळी तिच्यापुढे सरकवली.

महिन्यापूर्वी ती "बराबर हाय" म्हणाली असती, आणि मी दुपारी झोपल्यावर कानस घेऊन बसली असती. मी कान देऊन थांबलो. तिचं नख पितळेवरून सरकल्याचा बारीक आवाज आला आणि मधेच थांबला.

"अडतंय," ती म्हणाली. "आजून काढा."

मी कानस पुन्हा उचलली.